सरकारी निवासस्थानांची नोंद आणि कमांड लाइन जनरेटर : डेटाबेस मॉडेलचा अभ्यास

दिल्लीतील सरोजिनी नगर म्हटले की बहुतेकांना तेथील कपड्यांचा बाजार आठवतो. परंतु पूर्वी विनय नगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागाची मूळ ओळख केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत अशी आहे. येथील घरे ‘जनरल पूल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सामायिक निवास साठ्यात मोडतात. गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीतील संपदा संचालनालय त्यांचे वाटप करते. कोणते घर रिकामे आहे, ते कोणत्या प्रकारचे आहे, त्यावर कोणाचा हक्क आधी पोहोचतो आणि जुन्या रहिवाशाकडे काही थकबाकी आहे काय, या चार प्रश्नांची अचूक उत्तरे या कामात सतत द्यावी लागतात.

एके काळी ही उत्तरे नोंदवह्यांत आणि फायलींत शोधावी लागत. २५ डिसेंबर २०२० रोजी, सुशासन दिनी, ‘ई-संपदा’ हे एकत्रित संकेतस्थळ व मोबाइल ॲप सुरू झाले. पूर्वीची चार संकेतस्थळे व दोन मोबाइल ॲप यांची जागा त्याने घेतली. एक लाखाहून अधिक सरकारी निवासस्थानांच्या वाटपाचा व्यवहार त्यातून होतो. अशा प्रत्येक प्रणालीच्या मुळाशी डेटाबेस असतो आणि डेटाबेसच्या मुळाशी त्याचे मॉडेल असते.

हे मॉडेल तयार करण्यासाठी आज वेब विकासात ‘कमांड लाइन जनरेटर’ या साधनाचा सर्रास वापर होतो. एका ओळीची आज्ञा दिली की आवश्यक त्या फायली आपोआप तयार होतात. हे साधन कसे चालते आणि त्याची मर्यादा कोठे येते, याचा विचार प्रस्तुत लेखात सरकारी निवासस्थानांच्या उदाहरणावरून केला आहे. येथे मांडलेले मॉडेल केवळ अभ्यासासाठी आहे. ई-संपदा प्रणालीची अंतर्गत रचना सांगण्याचा येथे उद्देश नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरमध्ये ई-प्रशासन आणि तिसऱ्या पेपरमध्ये माहिती तंत्रज्ञान हे घटक आहेत. त्या दृष्टीनेही हा विषय उपयुक्त ठरेल.

मॉडेल म्हणजे काय?

आयबीएम कंपनीत काम करणारे गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एका शोधनिबंधात संबंधाधारित डेटाबेसची कल्पना मांडली. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, तक्त्यातील प्रत्येक ओळ ही एक नोंद असावी आणि दोन तक्त्यांमधील नाते त्यांतील सामायिक मूल्यांवरून ओळखावे, असा तिचा गाभा आहे. पुढे १९७६ मध्ये पीटर चेन यांनी घटक व संबंध यांच्या आकृतीची पद्धत दिली. प्रथम वस्तू ओळखाव्यात, मग त्यांचे गुणधर्म लिहावेत आणि शेवटी त्यांच्यातील संबंध रेषांनी दाखवावेत, ही रीत आजही सर्वत्र शिकवली जाते.

वेब विकासात ‘मॉडेल’ हा शब्द याच कल्पनेच्या पुढच्या पायरीसाठी वापरतात. डेटाबेसमधील तक्ता आणि प्रोग्राममधील वर्ग यांची जोडी म्हणजे मॉडेल. घरांच्या तक्त्यातील एक ओळ प्रोग्राममध्ये ‘घर’ या वस्तूच्या रूपात समोर येते आणि तिचा ब्लॉक, क्रमांक किंवा प्रकार थेट विचारता येतो.

आधी कागद, मग कळफलक

जनरेटरला आज्ञा देण्यापूर्वी मॉडेल कागदावर मांडणे आवश्यक आहे. आपल्या उदाहरणात चार घटक दिसतात : वसाहत, घर, कर्मचारी आणि वाटप. एका वसाहतीत अनेक घरे असतात. एका कर्मचाऱ्याला सेवाकाळात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी घरे मिळू शकतात, तसेच एका घरात कालांतराने अनेक कर्मचारी राहून जातात. म्हणजे घर आणि कर्मचारी यांचे नाते ‘अनेकांशी अनेक’ असे आहे. ते थेट जोडता येत नाही. त्यासाठी ‘वाटप’ हा मधला तक्ता लागतो. त्यात घर, कर्मचारी, ताबा दिल्याचा दिनांक व घर सोडल्याचा दिनांक यांची नोंद राहते.

घराच्या तक्त्यातच ‘सध्याचा रहिवासी’ असा स्तंभ ठेवला तर काम सोपे होईल, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. पण तसे केल्यास नवा रहिवासी येताच जुन्याचे नाव पुसले जाईल. सेवानिवृत्तीच्या वेळी सरकारी घराची थकबाकी नसल्याचे प्रमाणपत्र संपदा संचालनालयाकडून घ्यावे लागते आणि उपदानातील रोखलेली रक्कम त्यावर अवलंबून असते. पुसलेल्या इतिहासाची किंमत अशा वेळी एखाद्या निवृत्त लिपिकाला मोजावी लागू शकते. म्हणून वाटपाचा स्वतंत्र तक्ता आवश्यक आहे.

स्तंभांचे प्रकार ठरवतानाही विचार हवा. घराचा क्रमांक हा अंक वाटतो, पण त्यात अक्षरेही येऊ शकतात आणि त्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते. म्हणून तो मजकूर म्हणून ठेवावा. घराचा प्रकारही असाच आहे. सरकारी घरांचे प्रकार एक ते आठ असे सांगितले जातात, त्यामुळे पूर्णांकाचा स्तंभ पुरेसा वाटतो. मात्र चौथ्या प्रकारात ‘चार विशेष’ असाही एक वर्ग आहे आणि तो पूर्णांकात बसत नाही.

एका ओळीची आज्ञा

डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये रूबी भाषेवर आधारलेली ‘रूबी ऑन रेल्स’ ही चौकट खुली केली. जनरेटरची पद्धत लोकप्रिय करण्यात तिचा मोठा वाटा आहे. प्रत्यक्षात आज्ञा रोमन लिपीत टंकलिखित करावी लागते. येथे ती वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहे.

रेल्स जनरेट मॉडेल हाउस ब्लॉक:स्ट्रिंग नंबर:स्ट्रिंग क्वार्टर_टाइप:स्ट्रिंग कॉलनी:रेफरन्सेस

या ओळीचे भाग असे. ‘रेल्स जनरेट’ ही जनरेटरला हाक आहे. ‘मॉडेल’ हा जनरेटरचा प्रकार आणि ‘हाउस’ हे मॉडेलचे नाव. पुढील प्रत्येक जोडीत विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांच्या आधी स्तंभाचे नाव आणि नंतर त्याचा प्रकार येतो. ‘रेफरन्सेस’ हा प्रकार या घराचे नाते वसाहतीच्या तक्त्याशी जोडतो.

आज्ञा दिल्यावर मुख्यतः तीन गोष्टी तयार होतात. पहिली, मॉडेलच्या वर्गाची फाइल. दुसरी, ‘मायग्रेशन’ची फाइल, तक्ता कसा उभारायचा याच्या सूचना तिच्यात असतात आणि तिच्या नावाच्या आरंभी ती निर्माण झाल्याचा दिनांक व वेळ चौदा अंकांत लिहिलेली असते. तिसरी, चाचणीची फाइल व नमुना माहिती. या टप्प्यावर डेटाबेसमध्ये काहीच बदललेले नसते. मायग्रेशन वाचून, तपासून, आवश्यक ती दुरुस्ती करून ‘रेल्स डीबी:मायग्रेट’ ही दुसरी आज्ञा दिली की मगच तक्ता उभा राहतो. आज्ञा चुकली असेल तर ‘रेल्स डिस्ट्रॉय मॉडेल’ या आज्ञेने तयार झालेल्या फायली काढून टाकता येतात. मात्र मायग्रेशन आधीच चालवले असेल, तर प्रथम ते ‘रोलबॅक’ करून मागे घ्यावे लागते.

जनरेटर काही गोष्टी न सांगता करतो. मॉडेलचे नाव एकवचनी असले तरी तक्त्याचे नाव तो अनेकवचनी ठेवतो. प्रत्येक नोंदीला ओळख क्रमांक देतो. नोंद केव्हा निर्माण झाली व केव्हा बदलली, यासाठी दोन स्तंभ जोडतो. स्तंभाचा प्रकार सांगितला नाही तर तो ‘स्ट्रिंग’ धरतो. या ठरलेल्या संकेतांमुळे श्रम वाचतात, पण ते माहीत नसतील तर घोटाळाही होतो. घराच्या प्रकारासाठी आपण ‘क्वार्टर_टाइप’ हे लांब नाव घेतले. नुसते ‘टाइप’ असे नाव का घेतले नाही? कारण रेल्समध्ये ‘टाइप’ या नावाच्या स्तंभाला विशेष अर्थ आहे. एकाच तक्त्यात अनेक वर्गांच्या नोंदी ठेवायच्या असतील तेव्हा त्या स्तंभात वर्गाचे नाव असते, असे ती चौकट गृहीत धरते. तेथे ‘दोन’ किंवा ‘तीन’ असे मूल्य आढळले की ती त्या नावाचा वर्ग शोधू लागते आणि काम थांबते.

पुनर्विकास आणि मायग्रेशन

जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. सरोजिनी नगर, नेताजी नगर व नौरोजी नगर यांचे काम एनबीसीसीकडे आणि कस्तुरबा नगर, त्यागराज नगर, श्रीनिवासपुरी व मोहम्मदपूर यांचे काम केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाकडे सोपवण्यात आले. मंजुरीच्या वेळी १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ नवी घरे उभारण्याचे नियोजन होते. ३ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सरोजिनी नगरातील दुसऱ्या प्रकारच्या नव्या घरांचे उद्घाटन झाले. त्या प्रकल्पात २८ मनोरे आणि २,५०० हून अधिक घरे आहेत.

डेटाबेसच्या दृष्टीने याचा अर्थ काय? जुन्या घराचा पत्ता ब्लॉक आणि क्रमांक यांनी पूर्ण होत असे. नव्या घरासाठी मनोरा आणि मजला हेही सांगावे लागते. म्हणजे तक्त्याची रचनाच बदलावी लागते आणि त्या तक्त्यात तोवर हजारो नोंदी भरलेल्या असतात. अशा वेळी जनरेटरला मायग्रेशनची आज्ञा देतात. ‘ॲड टॉवर अँड फ्लोअर टू हाउसेस’ या धर्तीचे नाव व दोन्ही स्तंभांचे प्रकार दिले की रेल्स त्या नावावरूनच हेतू ओळखतो आणि स्तंभ वाढवण्याच्या सूचना लिहून देतो. जुन्या घरांच्या ओळीत हे स्तंभ रिकामे राहू शकले पाहिजेत, याची काळजी मात्र आपण घ्यायची असते.

येथे एक शिस्त पाळावी लागते. एकदा सर्वत्र चालवलेले मायग्रेशन पुन्हा उघडून त्यात फेरफार करू नये. सहकाऱ्यांच्या संगणकांवर आणि मुख्य सर्व्हरवर ते आधीच लागू झालेले असते. तेथे जुनी रचना आणि येथे नवी, असा विसंवाद निर्माण होतो. प्रत्येक बदलासाठी नवे मायग्रेशन हवे. अशा रीतीने फायलींचा क्रम हा रचनेचा इतिहासच ठरतो. फेरफार नोंदवहीत जुनी नोंद खाडाखोड न करता नवी नोंद घालतात, तसेच हे आहे.

पाडलेल्या घरांचे काय करावे, हा याहून कठीण प्रश्न आहे. घर आता अस्तित्वात नाही, म्हणून त्याची ओळ तक्त्यातून काढून टाकावी, असे सहज सुचते. मॉडेलमध्ये ‘डिपेंडंट डिस्ट्रॉय’ हा पर्याय लिहिलेला असेल, तर घराची ओळ काढताच त्याच्याशी निगडित वाटपाच्या सर्व नोंदीही नाहीशा होतील. वीस वर्षे त्या घरात राहिलेल्या कर्मचाऱ्याचा निवासाचा पुरावा एका आज्ञेत संपेल. यावर उपाय साधा आहे. घराच्या तक्त्यात ‘पाडल्याचा दिनांक’ हा स्तंभ वाढवावा आणि ओळ कायम ठेवावी. नव्या मनोऱ्यातील घर ही स्वतंत्र नोंद समजावी. जुन्या ओळीवर नवा पत्ता लिहू नये.

जनरेटर जे करीत नाही

जनरेटर नियम जाणत नाही. खालच्या प्रकारांच्या घरांसाठी नोकरीत रुजू झाल्याच्या दिनांकावरून अग्रक्रम ठरतो. पती-पत्नी दोघेही पात्र कर्मचारी असले तरी सामान्यतः त्यांना एकच घर मिळते. असे नियम २०१७ च्या निवासस्थान वाटप नियमावलीत आहेत. ते वाचून, समजून घेऊन प्रोग्राममध्ये उतरवणे हे माणसाचे काम आहे.

नात्यांच्या बाबतीतही त्याचे काम अर्धे असते. ‘रेफरन्सेस’ लिहिल्यावर ‘हे घर अमुक वसाहतीचे आहे’ ही ओळ तो घराच्या मॉडेलमध्ये घालतो. ‘या वसाहतीत अनेक घरे आहेत’ ही दुसऱ्या बाजूची ओळ वसाहतीच्या मॉडेलमध्ये आपल्यालाच लिहावी लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट निर्बंधांची. एक घर एका वेळी एकाच कर्मचाऱ्याकडे असावे, हा वाटपाचा मूलभूत नियम आहे. वाटप करण्यापूर्वी घर रिकामे आहे का, हे प्रोग्रामने तपासले तर पुरेसे आहे, असे वाटते. समजा, दोन ठिकाणांहून एकाच क्षणी दोन विनंत्या आल्या. पहिलीने तपासले : घर रिकामे. दुसरीनेही तपासले : घर रिकामे. त्यानंतर दोघींनी नोंद केली. तपासणी दोन्ही वेळा बरोबर होती, तरीही एका घरावर दोन कुटुंबांचा हक्क निर्माण झाला. हा दोष चाचणीत क्वचितच दिसतो. अनेक अर्जदार एकाच वेळी प्रणाली वापरू लागले की दिसतो. म्हणून निर्बंध डेटाबेसमध्येच घालावा लागतो. ज्या वाटपात घर सोडल्याचा दिनांक रिकामा आहे, अशा नोंदींपुरता घराचा ओळख क्रमांक एकमेव असावा, असा अंशतः लागू होणारा ‘युनिक इंडेक्स’ पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये करता येतो. मग दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारतो. ही ओळ जनरेटरच्या वरील आज्ञेतून मिळत नाही. मायग्रेशन उघडून ती हाताने लिहावी लागते.

मॉडेलसोबत पानेही तयार करणारा ‘स्कॅफोल्ड’ हा जनरेटर नवशिक्यांना विशेष प्रिय असतो. यादी, नवी नोंद, दुरुस्ती व नोंद काढून टाकणे यांची सर्व पाने तो देतो. परंतु पान उघडणारा कोण आहे, याची विचारपूस त्यात नसते. ते जसेच्या तसे सार्वजनिक संकेतस्थळावर ठेवले तर कोणीही कोणाच्याही घराची नोंद पुसू शकेल. २०२४ मध्ये आलेल्या रेल्सच्या आठव्या आवृत्तीत प्रवेशओळख तपासण्याचा स्वतंत्र जनरेटर समाविष्ट झाला. तरी कोणत्या अधिकाऱ्याला कोणती नोंद बदलता यावी, हे ठरवणे संस्थेकडेच राहते.

अन्य चौकटींतील पद्धती

पायथन भाषेतील ‘जँगो’ ही चौकट अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील एका वृत्तपत्राच्या कार्यालयात आकाराला आली आणि जुलै २००५ मध्ये खुली झाली. तिची दिशा थोडी वेगळी आहे. तेथे विकासक मॉडेल हाताने लिहितो आणि ‘मेकमायग्रेशन्स’ ही आज्ञा त्यातील बदल ओळखून मायग्रेशन तयार करते. ही सोय चौकटीत २०१४ च्या १.७ आवृत्तीपासून आली. ‘इन्स्पेक्टडीबी’ ही आज्ञा उलट काम करते. आधीपासून असलेल्या डेटाबेसचे तक्ते वाचून ती मॉडेलचा कच्चा मसुदा लिहून देते. जुन्या प्रणालीतील माहिती नव्या प्रणालीत आणताना तिचा उपयोग होतो. पीएचपी भाषेतील ‘लाराव्हेल’ या २०११ मधील चौकटीत ‘आर्टिसन’ या साधनाच्या ‘मेक:मॉडेल’ आज्ञेने मॉडेल आणि सोबत हवे असल्यास मायग्रेशनची फाइल मिळते. स्तंभ मात्र त्यात स्वतः भरावे लागतात.

तिन्ही ठिकाणी समान तत्त्व दिसते. यंत्र पुनरावृत्तीचे लेखन करते आणि अर्थ माणूस ठरवतो.

स्तंभ वाढवण्यापूर्वी

आज्ञेत आणखी एक शब्द जोडला की आणखी एक स्तंभ तयार होतो. या सोयीमुळे ‘कधी तरी लागेल’ म्हणून धर्म, आजार, कुटुंबीयांचे दूरध्वनी असे स्तंभ वाढवण्याचा मोह होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत केला. संमतीच्या आधारे माहिती घेताना ती ठरलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढीच असावी, हे तत्त्व त्यात आहे. म्हणून प्रत्येक स्तंभापुढे ‘कोणत्या नियमासाठी?’ हा प्रश्न लिहावा. उत्तर सापडले नाही तर तो स्तंभ आज्ञेत घालू नये.

समारोप

कमांड लाइन जनरेटरमुळे वेब विकासातील कंटाळवाणे लेखन कमी झाले, फायलींच्या नावांत व रचनेत एकवाक्यता आली आणि नव्या विकासकाला दुसऱ्याचे काम समजून घेणे सुलभ झाले. हे लाभ निःसंशय मोठे आहेत. परंतु तक्ता काही क्षणांत तयार होतो, म्हणून तो विचारपूर्वक तयार झाला असे होत नाही. वाटपाचा स्वतंत्र तक्ता, पाडलेल्या घराची जपलेली ओळ आणि एका घरावर दुसरे कुटुंब येऊ न देणारा निर्बंध या तीन गोष्टी वरील आज्ञेत कोठेही नव्हत्या. घराच्या प्रतीक्षेत असलेल्या कर्मचाऱ्याला न्याय मिळतो तो त्यांच्यामुळे. विद्यार्थ्यांनी जनरेटर अवश्य वापरावा. त्याने लिहिलेली प्रत्येक फाइल उघडून वाचावी आणि मगच ‘मायग्रेट’ची आज्ञा द्यावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. घर आणि कर्मचारी यांच्यातील ‘अनेकांशी अनेक’ संबंध दर्शवण्यासाठी मधला तक्ता का आवश्यक आहे? सोदाहरण स्पष्ट करा.

२. मॉडेल तयार करणे आणि मायग्रेशन चालवणे यांतील फरक सांगा. चालवलेले मायग्रेशन का बदलू नये?

३. प्रोग्राममधील तपासणी असतानाही डेटाबेसमधील निर्बंध का हवा, याची चर्चा करा.

४. ‘ई-प्रशासनाचे यश तंत्रज्ञानाइतकेच नोंदींच्या रचनेवर अवलंबून असते.’ सरकारी निवासस्थानांच्या वाटपाच्या संदर्भात या विधानाचे परीक्षण करा.

५. आपल्या जिल्ह्यातील शासकीय वसतिगृहाच्या प्रवेशासाठी डेटाबेसचे मॉडेल कागदावर मांडा. कोणते स्तंभ वगळाल आणि का, हे लिहा.